‘एवढा आवाज येतोच, ताई!’

मैत्रिणींनो, गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवली की घरात केवढा आनंद असतो! पण दोन दिवसांत लक्षात येतं, की गाण्यामागे बारीक शिट्टी वाजतेय. दुकानात जावं तर उत्तर ठरलेलं : ‘‘एवढा आवाज येतोच, ताई. गाणं जरा मोठ्यानं लावा.’’ सोबत नवरा किंवा भाऊ असेल, तर निदान सिस्टीम बाहेर काढून बघतात. बाई एकटी गेली तर तेवढंही नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे, की हे उत्तर ऐकून मुकाट्यानं परत येऊ नका. आवाज उगाच येत नाही. त्याला कारण असतं आणि ते सापडतंही.

त्यासाठी मेकॅनिक व्हायला नको, नीट ऐकायला हवं. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. आधी इंजिन बंद ठेवून गाणं ऐका. मग इंजिन चालू करून हलकेच रेस करा. रेससोबत शिट्टी चढत असेल, तर ती बहुतेक बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडून येतेय. अशा वेळी बहुधा अर्थिंगची वायर सैल असते, नाहीतर रंग न खरवडताच पत्र्यावर आवळलेली असते. ॲम्प्लिफायर वेगळा असेल, तर त्याची आवाजाची केबल करंटच्या वायरला लागून टाकली आहे का, तेही बघायला सांगा.

इंजिन बंद असतानाही सूं-सूं येत असेल, तर ॲम्प्लिफायरचा गेन जास्त ठेवलेला असू शकतो. मोबाइल वायरनं जोडून चार्जिंगला लावल्यावरच आवाज येतो का? मग चार्जर काढून बघा. खड्ड्यातून जाताना खरखर होत असेल, तर कुठला तरी जॉइंट सैल आहे. बॅलन्स आणि फेडर फिरवून कुठला स्पीकर बोलतोय, तेही कळतं.

पुष्कळदा दुकानदार लगेच नॉइज फिल्टर विकायला काढतो. फिल्टर वाईट नाही. पण अर्थिंग न तपासता फिल्टर लावणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

आणि प्रश्न फक्त गाण्याचा नाही. ज्या घाईनं अर्थिंग उरकलं, त्याच घाईनं गाडीच्या मूळ वायरी कापून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेली असू शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक पाघळतो, वायर उघडी पडते आणि पत्र्याला टेकली तर शॉर्टसर्किट होतं. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालणारे महाभागही असतात. फ्यूज उडतो तो गाडी वाचवण्यासाठी! याच गाडीत आपली मुलंबाळं बसतात. म्हणून वायरी न कापता कपलर वापरायला सांगा, ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज आहे ना ते बघा, आणि पक्कं बिल घ्या. बिल हातात असलं की ‘आम्ही नाही बसवलं’ म्हणायची सोय राहत नाही.

‘बायकांना गाडीतलं काय कळतं?’ असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मिक्सरचा आवाज बदलला किंवा कुकरची शिट्टी होईना, की घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं? ऐकायची सवय आपल्याला आहेच. फक्त दुकानात ‘काहीतरी आवाज येतोय’ असं मोघम सांगू नका. ‘रेस केलं की आवाज चढतो, अर्थिंग माझ्यासमोर तपासा,’ असं सांगा. आणि ते तपासून होईपर्यंत दुकानातून हलू नका.