जर्नल माझं, रीडिंग्ज तिची

इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरमधली गोष्ट. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. पाण्याचा हार्डनेस काढायचा. ब्युरेटमध्ये ईडीटीए, खाली फ्लास्कमध्ये नमुन्याचं पाणी. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं, बस्स. मी ब्युरेटचा कॉक फिरवला आणि काही कळायच्या आत निम्मं ब्युरेट रिकामं! मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘‘बारावीला टायट्रेशन केलं नव्हतंस का?’’ मी मान खाली घातली. आमच्या वीसजणांच्या बॅचमध्ये खरोखर टायट्रेशन केलेले निघाले चौघं.

आता गंमत अशी, की बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला मला 30 पैकी 29 मार्क आहेत.

मी ‘इंटिग्रेटेड’वाली. म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात दहावी झालेलं मूल आहे त्यांना सांगायला नको. प्रवेश कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. सकाळी सातपासून क्लास, मग टेस्ट, मग डाउट सेशन. कॉलेजची इमारत मी दोन वर्षांत मोजून सहा-सात वेळा पाहिली. अ‍ॅडमिशन, ओळखपत्र, परीक्षेचा फॉर्म, प्रॅक्टिकल परीक्षा. हजेरीपटावर मात्र आम्ही रोज हजर.

शाळेत असं नव्हतं. आमची शाळा साधी, अनुदानित, मराठी माध्यमाची. नववीत आम्ही दोघींनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांचं ठिबक सिंचन केलं होतं. ऐन प्रदर्शनात ते गळलं. बक्षीस काही मिळालं नाही, पण का गळलं यावर आम्ही आणि आमच्या बाई तासभर डोकं लावत बसलो होतो. आपण इंजिनीअर व्हावं असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी. पुढे इंजिनीअर व्हायच्या नादात असं काही हाताने करून बघायचं राहूनच गेलं.

त्या दोघींमधली दुसरी म्हणजे माझी बाकमैत्रीण. तिनेही त्याच कॉलेजात सायन्स घेतलं, पण क्लासशिवाय. माझ्या बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून दोन वर्षांची फी भरली; तिच्या घरी तो विषयच निघाला नाही. ती रोज एसटीने कॉलेजला जायची. पटावर ऐंशी मुलं, वर्गात सात-आठ. सुरुवातीला सरांनी नेटाने शिकवलं. पण रिकाम्या बाकांसमोर किती दिवस फळा भरणार? तास कमी झाले, मग तुरळक झाले. लॅब तेवढी चालू राहिली, ती तिथल्या मामांमुळे. ‘‘कर गं पोरी, साहित्य काढून देतो,’’ म्हणायचे ते. तिने जवळजवळ सगळे प्रयोग केले. आणि परीक्षेच्या तोंडावर आम्ही क्लासवाल्यांनी तिचं जर्नल मागून आणून एका रात्रीत उतरवलं. माझ्या जर्नलमधली सगळी रीडिंग्ज तिची आहेत. तिला प्रॅक्टिकलला 28 मिळाले. मला एक जास्त.

सीईटीत मला हवं ते पर्सेंटाइल मिळालं. तिला नाही मिळालं. ती आता बीएस्सी करतेय.

यात चूक कुणाची? पोरांना अभ्यास नको, पालकांना घाई झालीय, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जरा हिशेब मांडून बघा. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची मुख्य यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क लागतात ते पात्रतेपुरते: खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटांना 40. मेडिकलचं तर विचारूच नका. 2024 मध्ये नीटसाठी 24 लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली होती आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून लाखाच्या थोड्याच वर. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला धड एक मिनिटही नाही. हा वेग सरावाने येतो आणि तो सराव क्लास करून घेतो. ब्युरेट हातात धरायची वेळ या परीक्षेत येतच नाही. मग सोळा वर्षांचं पोरगं आणि त्याचे आईबाप काय निवडणार? माझे आईबाबा चुकले असं मला आजही वाटत नाही.

सरकारला हे दिसत नाही असंही नाही. 2018 मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढला. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने क्लासेससाठी नियमावली आणली: 16 वर्षांखालच्यांना प्रवेश नको, शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास नको. सीबीएसईने ‘डमी’ शाळांवर कारवाई केली. 2025 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात लागू झाला. त्यामुळे कुणाचं नाव कुठल्या कॉलेजात लागलं हे दिसतं. ते मूल तिथे बसून शिकतं का, हा प्रश्न तसाच राहतो. आणि बोटाचा ठसा तरी काय सांगतो? पोरगं मशीनपर्यंत आलं होतं, एवढंच.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: प्रवेशाला बारावीचे मार्कही धरा, पोरं आपोआप वर्गात येतील. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या त्या 29 मार्कांकडे बघून सांगते, जोवर हे मार्क असे वाटले जातात, तोवर ते प्रवेशाला धरणं म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय. जर्नल तिचं उतरवायचं आणि यादीत पुढेही आपणच!

आधी ते 30 मार्क खरे व्हायला हवेत. प्रयोग चिठ्ठी काढून द्या, समोर उभं राहून करायला लावा, आणि ज्याला येत नाही त्याला दहाच द्या. एक-दोन वर्षं आरडाओरडा होईल. पण मग लॅब उघडी ठेवावीच लागेल, पोरांना तिथे जावंच लागेल. दुसरं म्हणजे, कॉलेजने सीईटीकडे पाठ फिरवून चालणार नाही. आठवड्याला चार तास तरी वेळ लावून प्रश्न सोडवून घेतले, तर क्लास न लावू शकणाऱ्या मुलीला निदान शर्यतीत उभं राहता येईल. वर्ग रिकामा झाला तेव्हा माझं फार काही बिघडलं नाही, मला क्लास होता. जिला फक्त कॉलेजच होतं, तिचं मात्र शिकणं त्या रिकाम्या वर्गाबरोबर गेलं.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा तिच्याकडूनच टायट्रेशन शिकून घेतलं. घरात ब्युरेट कुठलं? तिने हातवाऱ्यांनीच दाखवलं. डाव्या हाताने कॉक सांभाळ, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहा, रंग बदलायला लागला की थेंब-थेंब. सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला माझं रीडिंग पहिल्यांदाच माझं होतं. मार्क मिळाले 21.

आता अकरावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की घरोघरी एकच चौकशी सुरू होईल: टाय-अप कुठल्या क्लासचा आहे? ती करायचीच असेल तर करा, मी कोण अडवणारी? पण कॉलेजात गेलात की अजून दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गात रोज किती मुलं बसत होती? आणि लॅब आठवड्यातून किती दिवस उघडते? जमलं तर तिथल्या मामांनाच विचारा.