कायदा आला, शिक्का कधी?

उल्हासनगर म्हटले की महाराष्ट्राला कारखाने, गजबजलेला बाजार आणि हिकमती सिंधी व्यापारी आठवतो. त्या नावामागची छावणी मात्र विस्मृतीत गेली आहे. फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार, शेतीवाडी, देव्हारे मागे टाकून आलेल्या त्या माणसांपाशी उल्हास वाटावा असे काहीही नव्हते. एक गोष्ट मात्र होती. ती म्हणजे आपण आपल्याच देशात आलो आहोत, ही खात्री.

त्या खात्रीला राज्यघटनेनेही मान दिला. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे स्थायिक झालेला, अविभाजित भारतात मूळ असलेला मनुष्य कोणत्याही अर्जाविना नागरिक ठरला. त्या तारखेनंतर आलेल्याने घटना लागू होण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे नोंदणी करायची होती आणि त्यासाठी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरेसे होते. देश कंगाल होता, प्रशासन विस्कळीत होते, निर्वासितांचे लोंढे थांबत नव्हते. तरीही सहा महिने पुरले!

आता त्याच उल्हासनगरात किंवा नागपूरच्या जरीपटक्यात पुढील काळात आलेल्या एखाद्या कुटुंबाचे काय होते ते पाहावे. सक्करहून, घोटकीहून, जेकबाबादहून आलेला कुटुंबप्रमुख तीर्थयात्रेच्या किंवा नातलगांच्या भेटीच्या व्हिसावर सरहद्द ओलांडतो. मग दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज. मग विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात हजेरी. मग मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा मुदतवाढीचा अर्ज. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर परवानगी. या साऱ्या वर्षांत तो कर भरतो, दुकान चालवतो, गणेशोत्सवाची वर्गणी देतो. पण मतदार यादीत त्याचे नाव नाही आणि सरकारी नोकरीचे दार त्याच्या मुलाला बंद आहे.

‘भारतीय मूळ’ म्हणजे काय?

या माणसाची सर्वांत क्रूर थट्टा १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील एका स्पष्टीकरणाने केली आहे. कलम ५ प्रमाणे भारतीय मुळाच्या व्यक्तीस सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते. परंतु भारतीय मूळ कोणाचे? जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी, अविभाजित भारतात जन्मला त्याचे. म्हणजे १९३० साली सक्करला जन्मलेले आजोबा भारतीय मुळाचे. त्यांचा १९५५ साली जन्मलेला मुलगाही त्यांच्यामुळे भारतीय मुळाचा. पण आई आणि वडील दोघेही फाळणीनंतर जन्मलेले असतील तर नातू मात्र परका! रक्त तेच, कुलदैवत तेच, चुलीवरची भाकरी तीच. कायद्याच्या लेखी मात्र दोन पिढ्यांत मूळ आटले. अशा नातवासाठी उरतो कलम ६ चा मार्ग. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्या मार्गात अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांतील किमान अकरा वर्षे येथे काढण्याची अट होती.

मुलांची गत याहून विचित्र. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईवडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. ही अट घुसखोरीला आळा घालण्यासाठी आली आणि ती आवश्यकच होती. पण तिचा फटका कोणाला बसला? आईवडिलांच्या फाईली पडून राहिल्या म्हणून ठाणे जिल्ह्यात जन्मलेली, मराठी शाळेत पसायदान म्हणणारी मुलगी कागदोपत्री परकी ठरली. जो देश तिने कधी पाहिला नाही, त्या देशाची!

ज्याच्यापासून पळाला, त्याच्याच दारी

या व्यवस्थेतील सर्वांत लाजिरवाणा भाग पासपोर्टचा. नागरिकत्वाचा ऑनलाइन अर्ज भरताना संकेतस्थळ मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट स्वीकारत नसे, हे २०२२ साली वृत्तपत्रांतून उघड झाले. फाईल मंजूर होईपर्यंत पासपोर्टची मुदत संपणारच, कारण फाईल वर्षानुवर्षे पडून राहणार हे ठरलेलेच. मग हा निर्वासित काय करतो? तो दिल्लीला जातो आणि पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात हजारो रुपये मोजून त्याच देशाचा पासपोर्ट नवा करून घेतो, ज्या देशातून तो लेकीबाळींची अब्रू वाचवण्यासाठी पळाला! भारताचा नागरिक होण्यासाठी आधी पुन्हा एकदा पाकिस्तानचा नागरिक व्हायचे, असा हा न्याय. तो संकेतस्थळात बसवणाऱ्या बुद्धिमंतांनी एक दिवस तरी त्या रांगेत उभे राहून पाहायला हवे होते.

याचे परिणामही समोर आले. राजस्थानात या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या सीमांत लोक संघटनेच्या सांगण्यानुसार २०२१ या एका वर्षात सुमारे ८०० पाकिस्तानी हिंदू नागरिकत्वाची आशा सोडून परत गेले. परत कोठे? तर जेथून ते पळाले होते तेथे. मंदिरे फोडणाऱ्यांना जे साधले नाही, ते प्रलंबित फाईलींनी साधले, असे म्हटले तर ते कोणाला झोंबेल काय?

काहीच झाले नाही असे नव्हे. २०१६ साली केंद्र सरकारने नोंदणीचे तीन ते पंधरा हजारांचे शुल्क १०० रुपयांवर आणले, दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना बँक खाते, पॅन, आधार आणि वाहन परवान्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सात राज्यांतील सोळा जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अधिकार दिले गेले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे चार जिल्हे होते. निर्णय स्वागतार्ह होता. पण अधिकार दिल्याने इच्छाशक्ती येत नाही. दिल्लीची अधिसूचना आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील कारकुनाचे टेबल यांच्यातील अंतर वाघा ते उल्हासनगर या अंतराहून अधिक आहे, हे अर्जदारांइतके कोणाला ठाऊक असणार?

हे देणे कोणाचे?

नागरिकत्व हा या माणसांवर करावयाचा उपकार नव्हे. फाळणीचे ते थकलेले देणे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी दुरुस्ती सुचवली होती की, जो हिंदू वा शीख अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो कोठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वास पात्र असावा. ती फेटाळली गेली. त्याआधी नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्य बांधवांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले होते. ज्यांनी ते मानले नाही त्यांचे काय झाले? पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. कायदामंत्र्याला जेथे राहवले नाही, तेथे थरपारकरच्या मेघवाळाने आणि कोळ्याने कोणाच्या भरवशावर राहायचे? एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराच्या? तो करार भारताने पाळला. पाकिस्तानने त्याचे काय केले, हे सीमेवर येणारे प्रत्येक कुटुंब सांगते आहे.

म्हणूनच डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला तेव्हा तो नवा पक्षपात नव्हता, जुन्या वचनाची पूर्तता होती. मुस्लिमांना वगळले म्हणून ज्यांनी आकाशपाताळ एक केले त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात. या कायद्याने भारतातील कोणत्या मुस्लिमाचे नागरिकत्व गेले? आणि अन्य मार्ग बंद असतील तर पाकिस्तानात नागरिक असलेला गायक अदनान सामी २०१६ साली भारतीय नागरिक कसा झाला? बांगलादेशातील छळग्रस्त अल्पसंख्याकांबाबत अधिक उदार व्हावे, अशी मागणी १८ डिसेंबर २००३ रोजी राज्यसभेत विरोधी पक्षनेते डॉ. मनमोहन सिंग यांनी केली होती. २००३ मधील करुणा २०१९ मध्ये सांप्रदायिकता कशी झाली, याचे उत्तर त्यांच्या अनुयायांनी आजतागायत दिलेले नाही.

आपल्याच घरचा आळस

परंतु विरोधकांना उत्तर देणे सोपे आहे. अवघड आहे ते आरशात पाहणे. १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. १० जानेवारी २०२० पासून कायदा लागू झाला. आणि त्याचे नियम प्रसिद्ध झाले ११ मार्च २०२४ रोजी. चार वर्षे आणि तीन महिने! त्या काळात विरोधकांनी रस्ते अडवले हे खरे. पण नियमांचा मसुदा काही रस्त्यावर लिहायचा नव्हता. पेढे वाटून झाले, मिरवणुका झाल्या, आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले तो माणूस पोलीस ठाण्यात पुन्हा मुदतवाढीचा अर्ज देत राहिला. १५ मे २०२४ रोजी दिल्लीत चौदा जणांच्या हाती पहिली प्रमाणपत्रे पडली.

नियम मात्र चांगले आहेत, आणि ते कार्यकर्त्याने वाचले पाहिजेत. मुदत संपलेली कागदपत्रे त्यांत ग्राह्य धरली आहेत. आजी-आजोबा, पणजी-पणजोबा त्या देशाचे नागरिक होते असे दाखवणारा कागदही चालतो. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी भारतात आल्याचे सिद्ध करण्यासाठी तब्बल वीस प्रकारच्या पुराव्यांची यादी दिली आहे. तीत शिधापत्रिका आहे, जनगणना करणाऱ्याने दिलेली चिठ्ठीसुद्धा आहे. कागद तपासणारी जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधीक्षकाच्या नेतृत्वाखाली, तर निर्णय घेणारी समिती जनगणना संचालकाच्या. अर्जदाराला आठव्या परिशिष्टातील एखादी भाषा येत असावी, ही अटही आहे. सिंधीला राज्यघटनेने १९६७ सालीच त्या परिशिष्टात स्थान दिले. प्रांत गेला तरी भाषा देशाने स्वीकारली. ती बोलणारा मात्र अजून दाराबाहेर!

तपासणी हवी की नको? हवीच. शेजारी देशातून येणाऱ्या प्रत्येकाची कसून तपासणी झाली पाहिजे. त्यात हयगय करा, असे कोणताही देशभक्त म्हणणार नाही. पण तपासणी आणि टाळाटाळ यांत भेद आहे. तपासणीला मुदत असते, टाळाटाळीला नसते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांचे हत्याकांड झाल्यावर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले, तेव्हा या वस्त्यांवर धास्तीची छाया पसरणे स्वाभाविक होते. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा खुलासा सरकारने केला. तो वेळेवर आला. पण ज्याचे नागरिकत्व वेळेवर झाले असते, त्याला अशा खुलाशाची गरजच पडली नसती.

आणखी एक प्रश्न उरतो. ३१ डिसेंबर २०१४ नंतर जो आला त्याचे काय? छळ त्या तारखेला थांबला नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट मिळाली. पण सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. तुरुंगाचे दार बंद झाले, घराचे उघडले नाही. ही तारीख पुढे नेण्याची मागणी आता ठामपणे झाली पाहिजे, आणि सरकार आपले आहे म्हणून ती मवाळ होता कामा नये.

शेवटी एक साधी बाब. या अर्जासोबत अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेचे, त्याच्या धर्माविषयीचे प्रमाणपत्रही लागते. म्हणजे सरकारने या कामातील एक जागा समाजासाठी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ती कोण भरणार? वकील एक संध्याकाळ देऊ शकतो. निवृत्त कारकून अर्ज तपासून देऊ शकतो. महाविद्यालयीन विद्यार्थी संकेतस्थळावर कागद चढवून देऊ शकतो. आणि ज्याला यातले काही जमत नाही, तो शेजारच्या या माणसाला ओळखतो, एवढे तरी शपथेवर लिहून देऊ शकतो.

संसदेने आपले काम २०१९ साली केले. शासनयंत्रणेला जागे ठेवणे आणि त्या कोऱ्या जागेवर सही करणे, ही दोन कामे समाजाची आहेत. ‘आमचे बांधव’ असे सभांतून म्हणणारा हात त्या प्रतिज्ञापत्रावर उमटला नाही, तर त्या शब्दाला अर्थ तो काय?