निकाल हद्दीच्या आतला

अखेर नगरपालिकांचा निकाल लागला. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले आणि मोजणी झाली ती २१ डिसेंबरच्या रविवारी. मधले एकोणीस दिवस यंत्रे कुलपात, बाहेर पोलिसांचा पहारा आणि त्या पहाऱ्यावर उमेदवारांच्या माणसांचा पहारा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या जिल्ह्यातल्या सहाही नगरपालिकांना आता नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत. कोण किती मतांनी आले, कोणाची अनामत गेली, कोणत्या चौकात किती गुलाल उडाला, ते सगळे आतल्या पानांवर आहे. राज्यातल्या २८८ नगरपालिका आणि नगरपंचायतींत महायुतीचे नगराध्यक्ष दोनशेच्या पुढे गेले, त्यात एकट्या भाजपचे शंभराहून अधिक. यातून पुढच्या विधानसभेचे भाकीत काढायला वाहिन्या बसलेल्याच आहेत. आमचा प्रश्न लहान आहे. हा निकाल नेमका कोणत्या वर्ध्याचा?

त्याआधी उशिराचा हिशेब मांडायला हवा, कारण लोक तो फार लवकर विसरतात. मोजणी खरे तर ३ डिसेंबरला व्हायची होती. काही ठिकाणी उमेदवारी अर्जांवरची अपिले न्यायालयात उशिरा निकाली निघाली, म्हणून राज्य निवडणूक आयोगाने तिथले मतदान २० डिसेंबरवर ढकलले. मग इतर गावांचे निकाल आधी लागले तर या मतदारांवर परिणाम होईल, हा मुद्दा आला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळी मोजणी एकाच दिवशी, २१ तारखेला घ्यायला सांगितले. या एकोणीस दिवसांवर केवढा गदारोळ झाला! पण यापूर्वीची पालिका निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. तिची पाच वर्षे संपल्यानंतर जवळपास चार वर्षे पालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. आधी ओबीसी आरक्षणाचा पेच, मग प्रभागरचना कोणी करायची याचा घोळ, मग तारखांवर तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान धरला तेव्हा कुठे गाडी हलली. पालिकेची मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक झाली पाहिजे, असे ७४ वी घटनादुरुस्ती स्वच्छ सांगते. २०१७ साली अठरा वर्षांचे झालेल्या पोराने आपल्या प्रभागासाठी पहिले मत दिले ते सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. त्या उशिराबद्दल या प्रचारात एकाही पक्षाने एका सभेत तरी खंत व्यक्त केल्याचे आमच्या कानावर आले नाही.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या मे महिन्यात सरे, एसेक्स, नॉरफोक अशा नऊ भागांतल्या स्थानिक निवडणुका सरकारने पुनर्रचनेच्या कारणाने एक वर्ष पुढे ढकलल्या. त्यावर तिथल्या पार्लमेंटपासून गावच्या सभागृहांपर्यंत ओरड झाली. एका वर्षासाठी. तिथेही स्थानिक निवडणुकीला मतदार गर्दी करतात असे नाही, बहुतेक वेळा तीनातला एक जण जातो. पण तारीख हुकली की राग येतो, आपल्याकडे तोही येईनासा झाला आहे.

आता मूळ प्रश्न. २००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या १,११,०७० होती. २०११ मध्ये ती १,०६,४४४ भरली. दहा वर्षांत जिल्ह्याचे मुख्य शहर साडेचार हजारांनी आटले? ज्यांनी त्या दहा वर्षांत आर्वी नाक्यावरून किंवा नागपूर रस्त्याने ये-जा केली, त्यांना हे ऐकून हसू येईल. शहर आटले नाही, ते हद्दीबाहेर गेले. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), उमरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा अशी ही माळ आहे. शेते होती तिथे ले-आउट पडले, ले-आउटवर घरे चढली, घरांपुढे गाड्या लागल्या. प्लॉट स्वस्त, घरपट्टी कमी, बांधकामाला कोणी फारसे अडवत नाही. शिक्षक, बँकेतले, एसटीतले, सावंगीच्या दवाखान्यातले, निवृत्त होऊन गावाकडून आलेले शेतकरी, सगळे तिकडे गेले. त्यांना कुठे राहता विचारले तर वर्ध्याला म्हणतात. मुले वर्ध्याच्या शाळेत, दुकान गोल बाजारात, काम बजाज चौकात. आणि पालिकेच्या मतदार यादीत नाव नाही.

म्हणजे परवा ज्या रस्त्यांचा, ज्या बाजाराचा, ज्या वाहतुकीचा फैसला झाला, ते सगळे रोज वापरणाऱ्या हजारो माणसांनी मत दिलेच नाही. त्यांचा दोष नाही. ते ग्रामपंचायतीचे मतदार आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायत कितीही फुगली तरी तिचे सदस्य सतराच्या वर जात नाहीत. एक सरपंच, सतरा सदस्य, एक ग्रामसेवक आणि समोर शहराएवढी वस्ती. नालीचे पाणी कुठे सोडायचे याचा आराखडा नाही, कचरा टाकायला जागा नाही, आग लागली तर बंब पालिकेकडून यायचा. या वस्त्यांच्या वरची पायरी म्हणजे जिल्हा परिषद. ती मार्च २०२२ पासून प्रशासकाच्याच ताब्यात आहे, आणि तिच्या निवडणुकीचा अजून पत्ता नाही. शहरात राहून शहराचे मत नाही, आणि ज्या जिल्हा परिषदेचे मत आहे तिथे सभागृहच नाही! पिपरीच्या माणसाला या निकालाचे काय अप्रूप वाटावे?

हद्दीच्या आतल्यांचीही यातून सुटका नाही. शहराला पाणी येते धाम नदीचे, पवनार आणि येळाकेळीवरून. त्याच नदीच्या भरवशावर पिपरी (मेघे) आणि १३ गावांची योजना आहे. उन्हाळ्यात नदी बारीक होते तेव्हा दोन्हीकडच्या नळांना एकाच वेळी कोरड पडते. मग आतले म्हणतात बाहेरच्यांनी ओढले, बाहेरचे म्हणतात शहराने ओढले. शहराचा कचरा जातो इंझापूरला. पावसाचे पाणी हद्दीची खूण पाहून थांबत नाही, एका नगरसेवकाने बांधलेली नाली दुसऱ्या गावाच्या ले-आउटमध्ये जाऊन तुंबते. अमृत योजनेत भुयारी गटारासाठी शहरातले रस्ते वर्षानुवर्षे खोदले गेले, वर्धेकरांनी ती धूळ खाल्ली. पण शहराभोवतीचे अर्धे शहर त्या योजनेच्या नकाशात बसत नाही. उघड्या नाल्या तिथे आहेत तशाच राहणार, आणि त्यांचे पाणी उतारानेच येणार.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले. सेवाग्राम व्हायच्या आधीच्या त्या काळात मगनवाडीतली माणसे, त्यांत मीराबेन आणि महादेवभाई देसाईही, सकाळी बादल्या घेऊन शेजारच्या सिंदी गावात जात आणि रस्त्याकडेचा मैला उचलत. गावकऱ्यांनी त्यांना फार दाद दिली नाही, तो भाग वेगळा. पण ज्या गावाची साफसफाई ही आपली जबाबदारी आहे असे त्या मंडळींना वाटले, तीच आजची सिंदी (मेघे). शहर तिच्या अंगणापर्यंत केव्हाच पोचले आहे आणि कागदोपत्री ती अजून बाहेर आहे. गांधींच्या नावावर चालणाऱ्या या जिल्ह्यात पालिकेच्या प्रचारपत्रकांवर त्यांचा चष्मा छापायला कोणी विसरत नाही. सिंदीचा उल्लेख मात्र त्यात शोधूनही सापडणार नाही.

हद्दवाढीची चर्चा जुनी आहे. ती दर वेळी थंडावते आणि त्याला सर्वच पक्षांचे मौन कारण असते. आतल्या पुढाऱ्याला वाटते, नवे मतदार आले तर आपले प्रभागाचे गणित बिघडेल. बाहेरच्याला वाटते, सरपंचपद जाईल, जिल्हा परिषदेचे सर्कल जाईल, पंचायत समितीचा गण जाईल. मतदाराला भीती घरपट्टीची. आणि हद्द बदलण्याचा अधिकार पालिकेला नाहीच, तो राज्य सरकारचा. अधिसूचना काढा, हरकती मागवा, सुनावण्या घ्या. सरकारला एवढ्या लोकांचा रोष पत्करायची हौस नसते. कोल्हापूर पाहा. महानगरपालिका होऊन १९७२ पासून पन्नास वर्षे उलटली, हद्द तसूभर सरकली नाही. शहर म्हणते या, गावे म्हणतात नको.

गावे नको म्हणतात त्यालाही कारण आहे. पुण्याने २०१७ आणि २०२१ मध्ये चौतीस गावे पोटात घेतली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला होता. महापालिकेत गेल्यावर कर वाढले, पाणी वाढले नाही. शेवटी ती दोन्ही गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपालिका करावी लागली. परवा जे निकाल लागले त्यांत तिचाही पहिला निकाल होता. म्हणून उद्या उठून पिपरी, सिंदी, बोरगाव वर्ध्यात घाला, असे आम्ही म्हणणार नाही. आधी सेवा द्या, मग सातबारा मागा. इंग्लंडमधले रेडिंग शहरही असेच आहे. त्याची अर्ली, वूडलीसारखी उपनगरे शेजारच्या वोकिंगहॅमच्या कारभारात मोडतात. तिथे प्रभागांच्या सीमा ठरवायला पक्षांपासून वेगळा आयोग आहे, तरीही हा गुंता सुटलेला नाही. हद्दीचे भांडण जगात सगळीकडे अवघड असते. त्या भांडणापायी पाणी आणि कचरा अडून राहणे हे मात्र आपले कर्तृत्व.

आणि वेळही आता हातातून गेलेली आहे. येत्या जनगणनेसाठी गावे, शहरे, तालुके यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या गेल्या. मोजणी १ मार्च २०२७ च्या संदर्भाने होणार, तोवर कोणालाही हद्द हलवता येणार नाही. नगराध्यक्ष खुर्चीत नीट बसायच्या आत ही मुदत संपली. म्हणजे २०२७ च्या आकड्यांतही वर्धा शहर बहुधा खुजेच दिसणार. निधी वाटताना लोकसंख्या पाहिली जाते, तेव्हा या खुजेपणाची किंमत पुढची दहा वर्षे मोजावी लागेल. चार वर्षे लोकनियुक्त सभागृह असते तर कोणी हा विषय वेळेत मांडला असता की नाही, देव जाणे. निदान मांडायला जागा तरी असती.

तेव्हा हद्द मोकळी होईपर्यंतचे सव्वा वर्ष नव्या नगराध्यक्षांकडे आहे. थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत ते. ही पद्धत २०१६ ला आली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये परत आणली, आणि प्रत्येक वेळी सत्तेतल्या पक्षाने आपली सोय पाहिली. तरी तिचा एक फायदा आहे. प्रभागाच्या गणिताबाहेर जाऊन बोलायची मोकळीक याच पदाला आहे. हद्द गोठली तरी कचरा गोठलेला नाही. इंझापूरचा प्रश्न शहर आणि गावे मिळून सोडवू शकतात. धामच्या पाण्याचे उन्हाळी वाटप मार्च लागायच्या आत एकत्र बसून ठरवता येते. नाल्यांचे उतार कुठून कुठे जातात याचा एकच नकाशा करायला पालिकेचा एक अभियंता आणि थोडे दिवस पुरतील. पालकमंत्री पंकज भोयर सत्तेतल्या पक्षाचे, खासदार अमर काळे विरोधातले. दोघांच्याही मतदारसंघात शहरही आहे आणि मेघेंची गावेही, त्यामुळे इथे पक्षाची ओढाताण करून कोणाचाच लाभ नाही.

पहिल्या सर्वसाधारण सभेत उपाध्यक्ष निवडले जातील, स्वीकृत सदस्यांवरून रुसवेफुगवे होतील, समित्यांची वाटणी होईल. ते होऊ द्या. त्यानंतरच्या आठवड्यात लगतच्या गावांच्या सरपंचांना पालिकेच्या सभागृहात चहाला बोलवा आणि पाणी, कचरा, नाल्या हे तीनच विषय टेबलावर ठेवा. त्यासाठी मुंबईची मंजुरी लागत नाही आणि निधीही लागत नाही, नगराध्यक्षांच्या सहीचे एक पत्र लागते.