नशिबाचा परवाना कोणाच्या हाती?

गणेशोत्सव किंवा जत्रेचे दिवस जवळ आले की मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारात एखाद्या मंडळाचे ‘लकी ड्रॉ’चे कूपन हातात पडते. पहिले बक्षीस दुचाकी, शेवटचे कुकर! विकणारा ओळखीचा मुलगा, काम गावचे. नाही म्हणवत नाही. पण अशी सोडत परवानगीशिवाय काढणे गुन्हा ठरू शकते, आणि सरकारी लॉटरीचे तिकीट मात्र उजळ माथ्याने विकता येते. हा भेद आला कुठून?

मुळाशी इंग्रजी अमदानी आहे. भारतीय दंड संहितेत 1870 साली 294-अ हे कलम घातले गेले. सरकारी नसलेल्या आणि सरकारची मान्यताही नसलेल्या सोडतीसाठी जागा चालवणे त्याने गुन्हा ठरवले. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 297 व्या कलमात आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

म्हणजे सरकारी लॉटरी हा नियमाला केलेला अपवाद. केरळने 1967 साली त्याचा लाभ घेतला, महाराष्ट्राने 1969 साली. मात्र जुगार हा व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात 1957 सालीच बजावले होते. 1998 च्या केंद्रीय कायद्याने एक-अंकी लॉटरीला बंदी केली आणि एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, असा दंडक घातला. पुढल्याच वर्षी न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच. शिवाय जे राज्य स्वतः लॉटरी चालवते, त्याला इतर राज्यांची तिकिटे अडवता येत नाहीत.

आपल्या शेजारीच पाहा. गोव्याने 1976 च्या जुगारविरोधी कायद्यात नव्वदीच्या दशकात दुरुस्त्या केल्या आणि पुढे मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी राहिली. बांद्याला जो गुन्हा, तो पत्रादेवीचा नाका ओलांडून पणजीला गेले की करमणूक!

कायदा बदलतो, गणित बदलत नाही. समजा, दहा रुपयांची एक लाख तिकिटे खपली आणि बक्षिसे पाच लाखांची आहेत. सगळी तिकिटे एकट्याने घेतली, तरी दहा लाख घालून पाचच लाख हाती येतील. म्हणजे दहाचे तिकीट घेताक्षणीच सरासरी पाच रुपयांचे होते. वर मोठ्या बक्षिसावर आयकर आहेच.

रापण ओढणाऱ्याला मासळी थोडी मिळो वा फार, वाटा प्रत्येकाला असतो. सोडतीत दोर सगळे ओढतात. चालकाचा वाटा आधी निघतो आणि उरलेले चार-दोघांच्या टोपलीत पडते. गावच्या मंडळाला मदत जरूर करावी. पण ती वर्गणीची पावती घेऊन. त्यात दुचाकी मिळणार नाही, पण पोरांवर खटल्याची टांगती तलवारही राहणार नाही.