पुढील आसनाचा मान

लग्नकार्यासाठी रोह्याहून गाडी निघाली की पुढे कोण बसणार, हा आपल्याकडे मानापानाचा प्रश्न असतो. तो मान बहुधा आजोबांना मिळतो आणि आजोबांच्या मांडीवर नातू आपोआप येतो. नागोठणे, वडखळमार्गे पेणला जाताना मीही पाच वर्षांच्या नातवाला असेच अनेकदा मांडीवर घेतले आहे. ‘मी घट्ट धरले आहे, काळजी नको,’ असे सूनबाईंना सांगितलेही आहे. आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाने अशी विनातारण हमी द्यावी, याचा आता संकोच वाटतो.

डिसेंबर 2024 मध्ये वाशी येथे पुढील आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यावर दगावला. वृत्तपत्रांनुसार अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. घात आतल्या दुखापतीने झाला. ती बातमी वाचून मी गाडीची माहितीपुस्तिका प्रथमच उघडली.

एअरबॅग ही मऊ उशी नव्हे. पापणी लवण्याआधी ती स्फोटक वेगाने फुगते आणि तिची रचना प्रौढाच्या छातीचा विचार करून केलेली असते. मुलाचे डोके व मान नेमकी तिच्या माऱ्यात येतात. आपल्या तरुणपणीच्या गाड्यांत ती नव्हतीच. 2021 पासून नव्या गाड्यांत पुढील दोन्ही आसनांसाठी ती सक्तीची झाली. सवय मात्र जुनीच राहिली.

हाताच्या पकडीचाही हिशेब मांडून पाहिला. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 15 किलोचे मूल धरून ठेवण्यास दोनशे किलोंचा भार पेलण्याइतके बळ लागते. मला घरातील गॅस सिलिंडरही उचलवत नाही! एकाच पट्ट्यात दोघांनी बसणे तर त्याहून वाईट, कारण मूल पट्टा आणि आपले शरीर यांमध्ये चिरडते.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. कायदा पुढील आसनाचा उल्लेख करत नाही. तो विवेक आपण बाळगायचा. लहान मुलांनी मागेच, बालआसनावर बसावे. उंची पावणेपाच फुटांच्या आसपास होईपर्यंत नुसता पट्टा खांद्यावर न राहता मानेवर येतो, म्हणून उंची देणारी बैठक लागते.

घरी बालआसन आले तेव्हा नातू रुसला. “मला एकट्यालाच मागे का?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता पेणला जाताना मीही मागे, त्याच्या शेजारी, पट्टा लावून बसतो.