विश्लेषण : स्वस्त संगणकावर गेम का अडखळतो? खर्च करण्याआधी काय तपासावे?

बारावीच्या निकालानंतर किंवा दिवाळीच्या सवलतीत घरात आलेला तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप अभ्यासाला पुरतो, ऑनलाइन वर्गालाही पुरतो. त्यावर ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘जीटीए ५’ सुरू केला, की मात्र पडदा अडखळू लागतो. मुले म्हणतात, ‘ग्राफिक्स कार्डवाला हवा होता’. दुकानदार म्हणतो, ‘नवाच घ्या’. या दोन्ही सल्ल्यांत निदान आधी ठरलेले असते, तपासणी झालेलीच नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत चुकीचा सुटा भाग विकत घेणे महागात पडते.

अडखळणे एकच असते का?

नाही, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. संगणक खेळाचे चित्र एकामागून एक फ्रेम काढून दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी त्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ते काम सतत लांबत असेल तर खेळ संथ भासतो. फ्रेम व्यवस्थित पडत असतील, पण झाडलेली गोळी उशिरा लागत असेल किंवा समोरचा खेळाडू उड्या मारत सरकत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीत असतो. मुले दोन्हीला ‘लॅग’च म्हणतात, पण दुसऱ्या प्रकारात लॅपटॉपवर कितीही पैसे खर्च केले तरी उपयोग नाही. तिथे वायफायऐवजी राउटरला थेट केबल लावून पाहावी. तिसरा प्रकार म्हणजे एरवी खेळ सुरळीत, पण नव्या भागात शिरताच क्षणभर गोठणारा. तिथे रॅम अपुरी पडत असते किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क मागे पडत असते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने हे गोठणे कमी होते. सेकंदाला पडणाऱ्या फ्रेमची संख्या मात्र त्याने फारशी वाढत नाही.

कमकुवत दुवा कसा ओळखावा?

एक सोपी चाचणी आहे आणि ती फुकट आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा आणि ‘व्ही-सिंक’ बंद करावे, सेकंदाला किती फ्रेम पडतात तो आकडा पडद्यावर दिसेल असे करावे आणि रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. पहिल्यात सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, दुसऱ्यात सुमारे ९.२ लाख. म्हणजे ग्राफिक्सचे काम निम्म्याहून कमी होते. फ्रेम झटकन वाढल्या, तर अडचण ग्राफिक्सच्या बाजूला आहे. तसूभरही वाढल्या नाहीत, तर ती प्रोसेसरकडे, उष्णतेकडे किंवा मागे चालू असलेल्या इतर प्रोग्रामकडे आहे. त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. ब्राउझरच्या वीसेक टॅबनी रॅम खाल्लेली आढळली, तर दुरुस्ती तिथेच संपते. चार्जर जोडलेला आहे ना, हेही पाहावे. बॅटरीवर चालताना बहुतेक लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी आपला वेग स्वतःच कमी करतात.

रॅमच्या एका स्टिकने काय बिघडते?

या किमतीच्या लॅपटॉपमधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असते आणि ते संगणकाची रॅम वाटून घेते. त्यामुळे रॅम किती जीबी आहे याइतकेच, तिच्यातून माहिती किती वेगाने वाहते याला महत्त्व येते. ‘डीडीआर४-३२००’ जातीची एकच स्टिक असेल, तर हा वेग जास्तीत जास्त सेकंदाला २५.६ जीबी असतो; दोन स्टिक दोन मार्गांवर चालल्या, तर ५१.२ जीबी. ८ जीबीची एक स्टिक आणि ४ जीबीच्या दोन स्टिक यांची बेरीज सारखीच, पण खेळासाठी त्या सारख्या नाहीत. मार्ग दुप्पट झाला म्हणून फ्रेमही दुप्पट होतात असे नव्हे. तरी फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

इंटेलच्या ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्समध्ये तर हा भेद नावातच उतरला आहे. रॅम एकाच मार्गावर असेल, तर तीच चिप विंडोजमध्ये नुसती ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दिसते. खोक्यावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे पाहून ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. दुसरा स्लॉट रिकामा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जाहिरातीत ‘८ जीबी रॅम’ ठळक अक्षरांत छापणाऱ्यांनी ती एका स्टिकमध्ये आहे की दोन, हेही छापायला हवे. त्याला शाईपलीकडे खर्च येत नाही.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरीवर क्लिक केले, की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. दोनपैकी एक असे दिसले, तर आधीच्याच जातीची आणि क्षमतेची दुसरी स्टिक बसवणे हा बहुधा सर्वांत फलदायी खर्च ठरतो. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि स्लॉट नसतोच. खरेदीआधी मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

पंधरा मिनिटांनी खेळ संथ का होतो?

सुरुवातीला ठीक आणि थोड्या वेळाने संथ, हे उष्णतेचे लक्षण. अनेक लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना खोलीतली हवाच तापलेली असते. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला, तर खालच्या जाळ्या बंद होतात. आधी तो टेबलावर ठेवावा आणि मागची कड थोडी उचलावी. दोन-तीन वर्षे जुन्या यंत्रात पंख्यावरची धूळ काढून नवी थर्मल पेस्ट लावून घ्यावी. हे काम गल्लीतला कारागीरही करतो.

ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

बहुतेक लॅपटॉपमध्ये ते नंतर बसवता येत नाही. प्रश्न डेस्कटॉपचा, त्यातही कार्यालयांतून निघालेल्या जुन्या, बारीक डेस्कटॉपचा. तिथे ‘४ जीबीचे कार्ड’ म्हणून २०१४ सालचे ‘जीटी ७३०’ आजही गळ्यात मारले जाते. मेमरीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. ‘जीटी १०३०’ एकाच नावाने दोन प्रकारांत आले : ‘जीडीडीआर५’ मेमरीच्या कार्डाचा वेग सेकंदाला ४८ जीबी, तर ‘डीडीआर४’च्या कार्डाचा १६.८ जीबी. कॅबिनेटमध्ये जागा किती आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा, हे पाहिल्याशिवाय कार्ड घेऊ नये. कार्ड असूनही खेळ संथ असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या तोंडात आहे की कार्डाच्या, ते आधी पाहावे. ही चूक वाटते तितकी विरळा नाही.

‘गेम बूस्टर’ने भागते का?

फारसे नाही. मागे चालू असलेले प्रोग्राम बंद करणे हाताने, फुकट होते. ग्राफिक्सचे ड्रायव्हर चिप किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे दिसले, तर योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही. खरी भीती फुकटच्या ‘क्रॅक’ खेळांची. अ‍ॅव्हास्टने २०२१ मध्ये उघड केलेले ‘क्रॅकोनॉश’ हे मालवेअर ‘जीटीए ५’सारख्या खेळांच्या चोरट्या प्रतींतून पसरले होते. ते विंडोजचे संरक्षण बंद करून मालकाच्या नकळत मोनेरो हे आभासी चलन खणत असे. खेळ बंद असतानाही प्रोसेसर राबताना आणि पंखा घोंघावताना दिसला, तर आधी अशा प्रती काढून पूर्ण स्कॅन करावे; संशय फिटला नाही तर विंडोज नव्याने टाकावी.

एवढे करूनही काही यंत्रे हलणार नाहीत. रॅम डकवलेली आणि प्रोसेसर दोन कोअरचा असेल, तर नवे, अवजड खेळ त्यावर चालणार नाहीत. ७२० रिझोल्युशन, सर्वांत खालची सेटिंग आणि सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा लावून जुने खेळ मात्र बऱ्यापैकी चालतात. व्हॅलोरंटची किमान अट आजही ४ जीबी रॅम आणि २०१२ सालच्या ‘इंटेल एचडी ४०००’ ग्राफिक्सची आहे.