नाकापेक्षा मोती जड होऊ नये



लग्नसराई तोंडावर आली की माझ्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला, हॉलचे भाडे किती. दुसरा, दागिन्यांचा. परवा रविवारी विहारातून बाहेर पडताना एका भगिनीने मला थांबवून विचारले, "ताई, मुलीला मोत्याची माळ आणि कुड्या करायच्या आहेत. दुकानदार म्हणतो समुद्राचे मोती घ्या, गोड्या पाण्याचे हलके असतात. खरे काय?"

मी सराफ नाही. कचेरीत बिले तपासणारी कारकून आहे. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराने पैसे मोजून शिकले आहे, म्हणून आज तेच लिहिते.

माझी थोरली बहीण एका शाळेत शिपाई आहे. दाजी रिक्षा चालवतात. दोन वर्षांपूर्वी भाचीचे लग्न ठरले. सोन्याचा भाव ऐकून ताईने ठरवले की मंगळसूत्र सोन्याचे आणि बाकी हौस मोत्यांवर भागवायची. विचार चांगला होता. दुकानात माळ दाखवली, "समुद्राचा जपानी मोती आहे, बाई" असे सांगितले आणि अठरा हजार रुपये घेतले. ते पैसे ताईने बचत गटातून उचलले, दरमहा दोन टक्के व्याजाने. महिना दीड हजार मुद्दल असे बारा हप्ते. पहिल्या महिन्याचे व्याज ३६० रुपये, दुसऱ्याचे ३३०, असे उतरत उतरत वर्षभरात २,३४० रुपये व्याज गेले. म्हणजे माळ पडली २०,३४० रुपयांना.

वर्षभराने माळेचा दोरा सैल झाला. भाचीने ती पटवेकऱ्याकडे ओवायला दिली. त्या म्हाताऱ्या माणसाने एक-एक मोती भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "पोरी, मोती खरे आहेत, पण समुद्राचे नव्हेत. तळ्यातले आहेत. याला एवढे पैसे कोणी घेतले?"

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे पावती मागितली. पावतीवर लिहिले होते, "मोती माळ, १ नग." समुद्र नाही, जपान नाही, काही नाही. तो म्हणाला, "मोती दिले ना? खोटे आहेत का?" आम्ही तसेच परत आलो. ज्या घरात मी रोज दुसऱ्यांची बिले तपासते, त्या घराचे बिल मी वाचले नव्हते. चूक माझीही होती.

आता मुद्द्याकडे येऊ.

शिंपल्याच्या अंगात काही खुपले की तो त्यावर चकाकणाऱ्या द्रव्याचे थर चढवतो. त्याच्या कवचाच्या आतल्या बाजूला जी चमक असते, तेच हे द्रव्य. ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने खडू आणि संगमरवराचे भावंड. असे हजारो पातळ थर एकावर एक बसले की मोती होतो. मोत्याचे "पाणी" म्हणतात ती चमक या थरांमधून परतणाऱ्या प्रकाशाची असते.

पूर्वी मोती निव्वळ नशिबाने सापडत. इराणच्या आखातात बहारीन, कुवेतच्या बाजूला पाणबुडे श्वास रोखून तळाशी जात आणि शिंपले काढत. तो माल बसरा बंदराच्या नावाने आणि मुंबईच्या बाजारातून जगभर जाई. आपल्याकडच्या जुन्या नथीतला "बसरा मोती" तो हाच. हे पाणबुडे नावेच्या मालकाचे कर्जदार असत. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगाम संपला तरी ती फिटायची नाही, आणि बापाचे कर्ज पोराच्या माथी बसायचे. ज्याच्या फुफ्फुसावर मोती निघत, त्याच्या बायकोच्या नाकात तो कधी चढला नाही.

मग जपानमध्ये मिकिमोतो कोकिची नावाचा माणूस पुढे आला. नूडल्स विकणाऱ्याचा मुलगा. त्याने १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती तयार करून दाखवला. पुढे जपानी संशोधकांनी पूर्ण गोल मोत्याची रीत बसवली आणि १९२० नंतर हे मोती जगाच्या बाजारात उतरले. त्यात जागतिक मंदी आली, १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडले, आणि आखातातला मोत्यांचा धंदा बसला. आज दुकानात जे मोती मिळतात ते जवळजवळ सगळे असे संवर्धित, म्हणजे बाजारभाषेत "कल्चर" मोती असतात. कल्चर म्हणजे खोटा नव्हे. विरजण आपण लावले तरी दही दहीच असते, तसे हे आहे.

या संवर्धित मोत्यांचे दोन घराणी पाडता येतात, खाऱ्या पाण्याचे आणि गोड्या पाण्याचे.

खाऱ्या पाण्यात तीन प्रकार मुख्य. जपानी पद्धतीचा अकोया, साधारण सहा ते आठ मिलिमीटरचा, गोल आणि आरशासारख्या चमकेचा. दुसरा साउथ सी, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सचा, मोठा, पांढरा किंवा सोनेरी. तिसरा ताहिती, फ्रेंच पॉलिनेशियाचा, काळसर. समुद्रातल्या शिंपल्यात कवचापासून घडवलेला गोल मणी बसवतात आणि शिंपला त्यावर थर चढवतो. एका शिंपल्यातून एक किंवा मोजकेच मोती निघतात. वादळ, रोग, गढूळ पाणी यांत कित्येक शिंपले मरतात. म्हणून हा मोती महाग.

गोड्या पाण्याचे मोती मुख्यतः चीनमधून येतात, झेजियांग प्रांतातले जुजी हे त्यांचे मोठे केंद्र. तळ्यातल्या शिंपल्यात मणी न घालता दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचे बारीक तुकडे घालतात. एका शिंपल्यात वीस-पंचवीसपासून पन्नासपर्यंत मोती तयार होतात. म्हणून हा मोती स्वस्त. आपल्या देशातही भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत या शेतीचे प्रशिक्षण मिळते. हैदराबादचे मोती आपल्याकडे प्रसिद्ध आहेत, पण हैदराबादला समुद्र नाही. तिथे मोत्यांना भोके पाडण्याची आणि ओवण्याची जुनी कारागिरी आहे. माल बाहेरून येतो, आणि आज त्यातला बराचसा चीनचा असतो.

आता हिशेबाची गोष्ट नीट लक्षात घ्या. अकोया मोत्यात आत मणी आणि वर मोत्याचा थर, तो थर कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. हलक्या प्रतीचा अकोया रोज घामात, अत्तरात वापरला तर वर्षांनी साल झिजते आणि आतला मणी डोकावतो. गोड्या पाण्याचा मोती बहुतेक वेळा आतून बाहेरपर्यंत मोतीच असतो. चमक थोडी मऊ, गोलाई थोडी कमी, पण अंगाने मजबूत. "गोड्या पाण्याचा म्हणजे हलका" हे जे सांगतात, ते भावाच्या बाबतीत खरे आहे, टिकाऊपणाच्या बाबतीत नाही.

तेव्हा निवड कशी करावी?

लोकलमधून, बसमधून कामावर जाणाऱ्या बाईला रोज घालायचे असेल, तर गोड्या पाण्याची माळ घ्यावी. कुड्या, बुगडी, चिंचपेटी अशा दागिन्यांत बारीक मोती लागतात, तिथेही हेच मोती छान दिसतात. पैसा हाताशी आहे, चार समारंभांतच घालायचे आहे आणि एकसारखी गोल, लखलखीत माळ हवी आहे, तर अकोया घ्यावा, पण थर जाड आहे का ते विचारून आणि लिहून घेऊन. थोड्या पैशात अकोया देतो म्हणणाऱ्याकडून मात्र घेऊ नये. त्यापेक्षा त्याच पैशात तळ्यातला उत्तम प्रतीचा मोती येतो. आणि कोणी स्वस्तात "अस्सल बसरा" देऊ लागला, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे.

पारख करताना चार गोष्टी पाहाव्यात. मोती पुढच्या दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरा मोती बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो. या परीक्षेने खरा-खोटा कळतो, समुद्र की तळे हे कळत नाही. दुसरे, भोकाच्या कडेला भिंगाने पाहावे. रंगाचा पापुद्रा सुटत असेल तर तो नकली. आत मणी आणि वर थर यांच्यामध्ये रेघ दिसली तर मणी घातलेला मोती. आमच्या पटवेकऱ्याला ती रेघ दिसली नाही, शिवाय मोत्यांवर बारीक वळी होती, म्हणून त्याने तळ्याचा मोती ओळखला. पण हल्ली चीनमध्ये गोड्या पाण्यातही मणी घालून मोठे गोल मोती काढतात, त्यामुळे केवळ रेघेवरून समुद्राचा मोती ठरत नाही. तिसरे, सगळे मोती अगदी तंतोतंत सारखे आणि भाव मातीमोल असेल तर संशय घ्यावा. चौथे, किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा. मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे, पावती. दागिन्यातल्या सोन्याला हॉलमार्क असतो, त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. मोत्याला असा कोणताही सरकारी शिक्का नाही. म्हणून पावती हाच मोत्याचा शिक्का. त्यावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: मोती संवर्धित की नैसर्गिक, खाऱ्या पाण्याचा की गोड्या, प्रकार, आकार मिलिमीटरमध्ये, आणि रंग मूळचा की चढवलेला. सोने असेल तर त्याचे वजन आणि मोत्यांचे वजन वेगळे लिहायला लावावे, नाहीतर मोत्याचे वजन सोन्याच्या भावात जाते. लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर तेच त्याचे उत्तर समजावे. पावतीवर लिहिलेले आणि माल वेगळा निघाला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण हातात कागद हवा. आमच्या हातात तो नव्हता.

घेतलेला मोती जपायचा कसा? पावडर, अत्तर, केसांचे तेल सगळे झाल्यावर माळ घालावी आणि घरी आल्याबरोबर पहिल्यांदा काढावी. मऊ सुती कापडाने पुसून ठेवावी. लिंबू, व्हिनेगर, साबणाचे पाणी यांपासून दूर ठेवावी, कारण आम्लाने मोती विरघळतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, सोन्याच्या साखळीबरोबर एका डबीत ठेवू नये, ओरखडे पडतात. रोज वापर असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ओवून घ्यावी, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून. दोरा तुटला तरी एकच मोती सांडतो.

आणि एक गोष्ट वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून सांगते. सोने अडीअडचणीला मोडता येते. मोत्याची माळ मोडायला गेलात तर लाखाचे बारा हजारसुद्धा हाती येत नाहीत. म्हणून मोती हा खर्च आहे, बचत नव्हे. तो हौसेच्या पैशातून घ्यावा, कर्जाच्या नव्हे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना अंगावरचे जड, कथलाचे दागिने टाकून द्यायला सांगितले होते. दागिना घालायचाच तर चांगला घाला, नाहीतर घालू नका, असे त्यांचे सांगणे होते. त्या काळी तो दागिना गळ्यात अडकवलेली ओळख होती. आज तशी सक्ती कोणाची नाही. आपण आपल्या पैशाने, आपल्या पसंतीने घालतो. तेव्हा कोणी आपल्याला अज्ञानी समजून काहीही गळ्यात बांधू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

असो. ताईचे बारा हप्ते फिटले. त्या माळेबद्दल राग धरून ती डबीत टाकून द्यायची असे ताईचे म्हणणे होते. भाचीने ऐकले नाही. ती एका दवाखान्यात स्वागतिकेचे काम करते आणि आठवड्यातून चार दिवस तीच माळ घालते. मोत्यांची चमक अजून तशीच आहे. ती म्हणते, "मावशी, मोत्याने आपल्याला फसवले नाही. नाव आणि भाव सांगणाऱ्याने फसवले."

आता आमच्या घरात कोणतीही पावती आधी माझ्यासमोर येते आणि मग पैसे दिले जातात. तुमच्या घरातही वाचणारी एक मुलगी असेलच. दुकानात जाताना तिला बरोबर न्या.